वानवळ्याची सोळा खरबुजं

मी वेलांच्या फुलांना दोरे बांधायला लागले, तेव्हाच उंब्रजमधल्या आमच्या आळीनं ठरवलं, नानासोंची सून कामातून गेली. माझ्या माहेरचं, आटपाडीकडचं खरबूज हिरव्या गराचं, वासानं घर भरणारं. पण साल पातळ, बाजार गाठायच्या आत तडकायचं. म्हणून मी एकाचे परागकण दुसऱ्याच्या फुलाला लावून, ओळखीला दोरा बांधून, त्याची इथल्या जाड सालीच्या केशरी खरबुजाशी सोयरीक जमवली. पहिली पिढी निघाली झाडून सगळी केशरी!

"गेलं तुजं हिरवं," सासरे म्हणाले. नानासो म्हणजे रिटायर सुभेदार. बोलले की हुकूम.

"आवं मामंजी, आजीचं घारं डोळं लेकात दिसत न्हाईत, नातवात निघत्यात. फुडच्या पिढीत चारात एक हिरवं येनारच."

"न्हाई आलं तर त्या रानात ऊस."

पुढच्या पिढीचे सोळा वेल लावले, एकेका वेलावर एकच फळ ठेवलं. बियांची सरमिसळ नको म्हणून फळांवर शाईनं एक ते सोळा आकडे घातले. फळं पिकली आणि नेमकं मला साताऱ्याला जावं लागलं. परत येऊन बघते तर वेल रिकामे!

"पैलं फळ आळीत घरोघर वानवळ्याला जातं, पोरी," नानासो छाती काढून म्हणाले. "तू घरांचं नंबर घातलं व्हतंस न्हवं? एक बी घर चुकलो न्हाई."

मी अनवाणीच पळत सुटले. पहिलं घर: केशरी, फस्त, बिया कोंबड्यांना. दुसरं, तिसरं, चौथं तसंच. "लय ग्वाड गं!" म्हणत सगळे बोटं चाटत होते आणि मला रडू फुटत होतं.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या हरणाबाई ताट घेऊन तरातरा आल्या, मागं आणखी चार ताटं.

"आवं नानासो, कच्चं फळ देता व्हय वानवळ्याला? आत हिरवंगार हाय!"

पाच! हिशेबानं चार हवी होती, आली पाच, त्यातलं एक जाड सालीचं, मला हवं होतं तस्सं! कुणी तोंड लावलं नव्हतं, बी न् बी जागेवर. मी हरणाबाईंना उचलूनच घेतलं, त्या किंचाळल्या. आळीसमोर शरमलेल्या नानासोंच्या तोंडात मी एक फोड कोंबली. ते चावत राहिले, मग हरणाबाईंच्या हातातलं ताटच ओढून घेतलं. बिया मात्र एकेक करून माझ्या ओंजळीत टाकल्या.

मग त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

"उसाची सरी पाडायला येऊ नगंस. तसाच ये रं गड्या, खरबूज खायाला."