दोन नंबरच्या ब्रेकरवरची चिठ्ठी

चष्मा पौर्णिमाच्या वाट्याला आला तो बाकी कोणाला नको होता म्हणून. अमरावतीच्या वेशीवरच्या एका वीज उपकेंद्रात ती चार वर्षांपासून तंत्रज्ञ होती. मार्चमध्ये वरून एक खोकं आलं. आत हेल्मेटला अडकवायचा जाडजूड चष्मा होता आणि सोबत पत्र, की तीन महिने वापरून बघा आणि कळवा. तिच्या दोघा सहकाऱ्यांना आधीच नंबरचे चष्मे होते, त्यांवर हा बसेना. उपकेंद्राचे प्रमुख खुशालराव साहेब यांनी तो मिनिटभर घातला, भिंतीला हात टेकला आणि सांगितलं की मले याच्यानं गरगरते, हे पोरीच्याच डोक्यावर द्या.

पोरीला गरगरलं नाही. चष्मा लावून ती यार्डात गेली आणि रोजच्या पाहण्यातले ब्रेकर, ट्रान्सफॉर्मर एकाएकी बोलके झाले. ज्याच्याकडे पाहावं त्याच्या शेजारी हवेत हिरवी अक्षरं उमटत: नंबर, वय, मागची दुरुस्ती, तेल किती तापलंय. जमिनीकडे पाहिलं की गिट्टीखालून गेलेल्या केबली लाल रेघांनी दिसत. ती त्या रेघांवरून दोन्ही हात पसरून, तोल सावरत चालत सुटली. तेवढ्यात कानात कोणीतरी खोकलं.

"मी अकोल्याहून किशोर बोलून राहिलो. तुमी पाहता ते सारं मले इथं दिसते. जरा हळू चाला जी, मले गाडी लागून राहिली."

किशोरनं आठ वर्षं मूर्तिजापूरकडे ब्रेकरच दुरुस्त केले होते. मग तो शिडीवरून पडला, गुडघ्यात सळई बसली आणि लांबून मार्गदर्शन करणाऱ्या अकोल्याच्या केंद्रात त्याला टेबल मिळालं. समोरच्या पडद्यावर त्यानं एखाद्या नटाकडे बोटानं बाण काढला की तो पौर्णिमाला नेमक्या त्याच नटावर चिकटलेला दिसे. तिनं मान फिरवली, चार पावलं मागे गेली, तरी बाण नट सोडत नसे. कठीण काही सांगायचं असलं की तो आधी खोकायचा. चहा पिताना भुरका मारायचा आणि मग माफी मागायचा.

त्याला मात्र तिचे फक्त हात दिसत. एकदा त्यानं विचारलं की डाव्या अंगठ्याला पट्टी काहून आहे. कांदा चिरताना कापलं, असं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला आधी अंगठा दाखवायला लावला, बरा आहे म्हणाला आणि मगच कामाचा पहिला बाण काढला. तेव्हापासून पौर्णिमा हातमोजे चढवण्याआधी हात साबणानं धुऊ लागली. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या नावाशी मोटरसायकलचा फोटो होता, तिच्या नावाशी भाचीचा. फोटो पाठवा, असं म्हणायचं कोणी? चष्मा डोक्यावर असला की ती हात धुवायच्या जागेवरच्या आरशासमोरून खाली मान घालून जायची. संध्याकाळी तिवश्याला घरी पोचली की वरणात दोनदा मीठ घालायची आणि वर हसायची. तिची आई मनकर्णा हे सगळं बघत होती.

मे महिन्यात एका दुपारी दोन नंबरचा ब्रेकर पडला, म्हणजे आपोआप बंद झाला. लाईनवर आलेली फांदी लोकांनी काढली, पण ब्रेकर परत लागेना. बाहेर पंचेचाळीस डिग्री, नऊ हजार घरांचे कूलर बंद आणि कंट्रोल रूममधला फोन ठेवला की वाजत होता. खुशालरावांनी दोन्ही बाजूंनी वीज तोडून घेतली, अर्थिंग लावलं, कामाच्या परमिटवर सही केली आणि पौर्णिमानं ब्रेकरच्या पेटीचं दार उघडलं.

आत एक जाड स्प्रिंग असते. मोटर ती ताणते आणि त्या ताणाच्या जोरावर ब्रेकर लागतो. मोटर सुरूच होत नव्हती. किशोरनं आधी स्प्रिंगमध्ये ताण उरला नसल्याची खात्री करायला लावली, तोवर तिला हात आत घालू दिला नाही. मग पहिला बाण मोटरच्या तारांवर आला. त्या ठीक होत्या. दुसरा फ्यूजवर, तोही ठीक. तिसरा बाण मागच्या एका छोट्या स्विचवर. तिथं पौर्णिमानं टॉर्च मारला, तर स्विच दिसेचना. त्याच्या जागी मातीचा एक गोळा होता, बोटभर लांब, नीट लिंपलेला.

"हे काय होय?" किशोरनं विचारलं.

"घर होय. कुंभारमाशीचं."

त्यानं त्या गोळ्याभोवती एक गोल काढला. मग म्हणाला, "सारी अमरावती सोडून तिले इथंच जागा भेटली का?"

पौर्णिमाला हसू आवरेना. ते ओसरल्यावर तिनं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं माती हळूहळू खरवडली. घर रिकामं होतं. स्विच टक्कन मोकळा झाला. पेटीतला सप्लाय दिला तशी मोटर घरघरली आणि स्प्रिंग ताणली गेली. तिनं दार लावलं. अर्थिंग निघालं, परमिट परत गेलं, आणि ब्रेकर लावायला ती धावत कंट्रोल रूममध्ये शिरली.

पॅनेलला काळी काच होती. काचेसमोर येऊन पौर्णिमा थांबली, आणि काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं. नाकावर माती, गालाला चिकटलेले केस, हसून हसून ओले झालेले डोळे. मग तिच्या ध्यानात आलं की हे तोंड आत्ता अकोल्यातही दिसतंय. तिला बाजूला होता आलं असतं. ती झाली नाही. उलट तिनं गालावरचे केस मागे सारले.

"लावा," अखेर किशोर म्हणाला. मग तो खोकला. "लावा जी. लोकं वाट पाहून राहिले."

तिनं हँडल फिरवलं. यार्डात धाडकन आवाज झाला. रस्त्यापलीकडच्या वस्तीत कूलर एकामागून एक घोंघावू लागले आणि फोन वाजायचा थांबला. पौर्णिमा तिथंच फरशीवर बसून हसत राहिली. खुशालरावांना वाटलं की पोरीला ऊन लागलं. त्यांनी आपल्या डब्यातलं कैरीचं पन्हं तिला पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चष्मा लावून यार्डात फेरी मारत होती. दोन नंबरच्या ब्रेकरच्या दारावर लाल, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं:

"अकोल्याले आल्या तं चहा पाजतो. नाई म्हटलं तरी कामात फरक पडणार नाई. किशोर."

तिनं चष्मा वर केला. नुसतं राखाडी दार. खाली केला, चिठ्ठी. असं तिनं पाच-सहा वेळा केलं. मग तिनं यार्डाला एक पूर्ण चक्कर मारली, कारण जागेवर उभं राहणं जमत नव्हतं. परत येऊन तिनं हवेत बोट फिरवलं आणि चिठ्ठीखाली ताटलीएवढ्या अक्षरांत होकार लिहिला: हाव.

लिहिता तिला येत होतं. पुसायची सोय अकोल्याकडेच होती.

अकरा वाजता निरोप आला की चष्म्याची चाचणी पाहायला पुढल्या आठवड्यात येणार होत्या त्या मुख्यालयातल्या मोठ्या मॅडम आजच अकोल्याच्या केंद्रात येऊन बसल्यात. सोबत बारा अधिकारी. समोर भिंतीएवढा टीव्ही, आणि चष्म्याला जे दिसेल ते त्यावर दिसणार. उपकेंद्राच्या प्रमुखानंच चष्मा घालावा, असंही मॅडमनी सांगितलं होतं. खुशालरावांनी हात पुढे केला. पौर्णिमानं चष्मा दिला खरा, पण दारावरची चिठ्ठी आणि हाव अजून तसेच होते. तिनं किशोरला चार फोन केले. तो मॅडमच्या शेजारी उभा असणार. त्यानं एकही उचलला नाही.

ती साहेबांच्या मागोमाग यार्डात गेली आणि म्हणाली की दोन नंबर राहू द्या, तिथं कुंभारमाशी आहे. ते म्हणाले की कालच तं तू काढली, तेच तं दाखवायचं आहे. आणि सरळ दोन नंबरपुढे जाऊन उभे राहिले.

त्यांचे ओठ हलले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्यांनी मान इतकी वर केली की हेल्मेट पाठीला टेकलं.

"खुशालराव," हेल्मेटच्या स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला, "आभाळ का दाखवताय?"

"वरच्या तारा पाहून राहिलो, मॅडम."

"आम्ही वाचलंय. खाली बघा." साहेबांनी नाइलाजानं मान खाली केली. "वरची चिठ्ठी कोणाची ते लिहिलंय. खालचा हाव कोणाचा?"

खुशालराव काही सांगेनात. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. त्या माणसानं आयुष्यात कधी वरिष्ठांना उत्तर द्यायचं टाळलं नव्हतं आणि आत्ता तो तिच्यासाठी मुका झाला होता. पौर्णिमाला त्यांची दया आली आणि त्याच वेळी अंगातून एक भलताच आनंद सळसळत गेला. ती पुढे होऊन थेट त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, म्हणजे अकोल्यातल्या भिंतीएवढ्या टीव्हीवर, चौदा माणसांपुढे.

"माझा आहे, मॅडम."

अकोल्यात एक खुर्ची करकरली. कोणीतरी हसू दाबलं, कोणाला ते दाबता आलं नाही, आणि मग सगळी खोलीच हसू लागली. मॅडमनी ते ओसरू दिलं.

"हे पुसायचं कोणाच्या हातात आहे?"

"माझ्या, मॅडम." हा किशोर.

"मग पुसा. यंत्रावर खासगी मजकूर नको."

"पुसतो, मॅडम. माझं वाचून झालं."

मॅडमनी पुढे कालच्या दुरुस्तीबद्दल बारीकसारीक विचारलं. उघडण्यापासून लावण्यापर्यंत बावन्न मिनिटं लागली होती, हे ऐकून त्यांनी ठरवून टाकलं की सोमवारी पौर्णिमानं अकोल्याला यावं आणि बाकीच्या उपकेंद्रांच्या लोकांना शिकवावं. खुशालरावांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि तिला दिवसभराची सुट्टी हवी का, असं विचारलं. तिला नको होती.

सोमवारी ती मूर्तिजापूरमार्गे एसटीनं अकोल्याला उतरली. किशोर केंद्रात भेटणार होता. तिनं स्टँडवर काठी घेऊन उभ्या असलेल्या एका उंच, सडपातळ माणसाला ऑटो कुठून मिळेल ते विचारलं. तो लाल झाला. त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मी बी तिकडंच जाऊन राहिलो," तो म्हणाला.

दुसऱ्याच शब्दाला तिनं ओळखलं. इतकी हसली की एसटीच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. दोघांनी तीन-तीन चहा घेतले, आणि शिकवायला निघालेल्या पौर्णिमा मॅडम स्वतःच वीस मिनिटं उशिरा पोचल्या.

जूनच्या पहिल्या रविवारी किशोर आपल्या आईला, माणिकबाईंना घेऊन तिवश्याला आला. पौर्णिमाच्या वडिलांनी, देवमन यांनी, नोकरीबद्दल विचारलं, गावाबद्दल विचारलं आणि शेवटी मोकळेपणानं विचारलं की गुडघा साथ देते का. किशोर उत्तरादाखल उठला आणि अंगणातल्या चौदा पायऱ्या चढून थेट गच्चीवर गेला. चढला रुबाबात, पण उतरताना दुसऱ्याच पायरीवर अडकला. पौर्णिमा वर धावली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरायची घाई दोघांपैकी कोणीच केली नाही.

खाली मनकर्णा आणि माणिकबाई पोहे खात होत्या. वरून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत राहिलं, तेव्हा मनकर्णानं खुंटीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.