नितळ पाण्याचा आकडा

पुलाखालच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सहा महिन्यांपूर्वी याच काठावर गाळ उपसायला माणसं बोलावली, तेव्हा नदी मंडळाचे अध्यक्ष, पाणी-प्रयोगशाळेतल्या ताई आणि कोपऱ्यावरचा न्हावी एवढेच उगवले होते. आज दोन हजार लोक माना उंचावून व्यासपीठावरच्या काचेच्या हंडीकडे पाहत होते. हंडीत नदीचं काळपट पाणी होतं आणि नितळ महाराज त्यात आपला पांढराशुभ्र दंड फिरवत होते.

"नदी मेलेली नाही, बाळांनो, रुसली आहे," महाराज म्हणाले. "रुसवा यंत्रांनी जात नाही. गटारं वळवून तर मुळीच जात नाही. तिच्याशी गोडीनं बोलावं लागतं. मी बोलतो, तुम्ही फक्त डोळे मिटा."

पंधरा मिनिटं डोळे मिटलेले राहिले. उघडले तेव्हा तळाशी राखेसारखा थर बसला होता आणि वरचं पाणी आरशासारखं लख्ख झालं होतं.

अध्यक्षांनी माइक ताईंच्या हाती दिला. काठावरच्या वस्त्या, व्यापारी आणि नगरपालिका यांनी मिळून उभारलेल्या या मंडळाकडे देणगीत आलेलं एकच उपकरण होतं, पाण्याचा गढूळपणा मोजणारं. दर रविवारी ताई त्यावरचा आकडा वाचत आणि फळ्यावर 'स्वच्छतेचा आकडा' या शीर्षकाखाली लिहीत.

"आधी दोनशे दहा," ताई म्हणाल्या. "आता दोन."

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी फळ्याकडे बोट केलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. विज्ञानावर ठेवा."

दंड तुरटीचा आहे, हे ताईंनी पहिल्याच रविवारी ओळखलं होतं. अध्यक्षांना तसं सांगितलंही होतं. ते निवृत्त अभियंते. त्यांनाही ठाऊक होतं.

"अहो ताई, तुरटीनं कुणी मेलंय का? गर्दी तर जमतेय. माणसं एकदा काठावर आली, की गटारं वळवायच्या अर्जावर सह्या घेऊ."

ताईंना ते पटलं. त्यांनी पटवून घेतलं, असं म्हणणं अधिक खरं. सह्या मात्र कुणीच देईना. महाराज असताना गटारं कशाला वळवायची?

पहिल्या रांगेत ताईंची धाकटी बहीण बसे. पोटात पहिलं मूल. तिची सासू हंडीतलं पाणी बाटलीत भरून नेई, कारण त्यानं बाळंतपण सुखाचं होतं, असं महाराज म्हणत.

"ते पिऊ नकोस गं," ताई एकदा हळूच म्हणाल्या होत्या.

"का? तूच तर दोन म्हणालीस."

"निदान उकळून पी."

"उकळलं की त्यातलं तेज जातं म्हणे. आणि सासूबाई समोर बसून पाजतात, ताई. तू सांग ना त्यांना."

सासूबाई चार पावलांवर होत्या. मंडळाच्या कार्यक्रमाला त्या हौसेनं शंभर माणसं आणत. ताईंनी तो विषय पुढच्या आठवड्यावर टाकला.

सातव्या रविवारी धाकटीचे डोळे पिवळे दिसले. रुग्णालयात डॉक्टरांनी बाकी काही विचारण्याआधी विचारलं, "पाणी कुठलं पीत होता?"

"ताईनं मोजलेलं," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता.

पोटुशीला ही कावीळ पुष्कळदा झेपत नाही, असं डॉक्टरांनी ताईंना बाहेर नेऊन सांगितलं. बुधवारी बाळ गेलं. शुक्रवारी धाकटी.

आठव्या रविवारी ताई कुणी न बोलावता व्यासपीठावर चढल्या. त्यांच्यामागे न्हावी होता. त्यानं खिशातून तुरटीचा खडा काढून नदीच्याच पाण्यानं भरलेल्या दुसऱ्या हंडीत फिरवला.

"मी हाच खडा दाढीनंतर गालावर फिरवतो," तो म्हणाला. "आजवर कुणी मला महाराज म्हणालं नाही. उलट घासाघीसच करतात."

लोक हसले. पंधरा मिनिटांनी पाणी नितळ झालं तेव्हा हसू विरलं. ताईंनी त्यातलाच पेला भरून महाराजांपुढे धरला. "आता तुमच्या हंडीतला भरू, की हाच पिता?"

महाराजांनी छातीवर हात ठेवला. "आज मौन आहे," ते म्हणाले, आणि मौन मोडल्याचं ध्यानात येताच गाडीकडे निघाले.

ताईंनी एक लहानशी कुपी वर धरली. आतलं औषध डांबरासारखं काळं झालं होतं. "गेल्या रविवारी हंडीतलं नितळ पाणी यात घातलं. पाण्यात मैला असला की हे काळं पडतं. एक दिवस लागतो त्याला, म्हणून रविवारच्या सोहळ्यात कुणाला नको होतं. तुरटीनं गाळ खाली बसतो. कावीळ पाण्यातच राहते."

पहिल्या रांगेत सासूबाई उठल्या. "मग मी तिला पाजलं, ते काय होतं?"

अध्यक्ष पुटपुटले, "ताई, आत्ता नको."

"गटाराचं पाणी होतं, मावशी," ताई म्हणाल्या. "तुम्ही पाजलंत आणि मी मोजलं."

सासूबाई खाली बसल्या. त्यांना सावरायला कुणी पुढे आलं नाही. शेजारच्या बाया तेवढ्या जराशा सरकल्या.

"आकडा खोटा नव्हता," ताई माइकमध्ये म्हणाल्या. "तो गढूळपणाचा होता. मी त्याला स्वच्छतेचा म्हणू दिलं, कारण तुम्ही टाळ्या वाजवत होता. यापुढे कुणीही काही मोजून दाखवलं, तर काय मोजलं ते विचारा. काय मोजलं नाही, तेही विचारा. महाराजांना विचारा, अध्यक्षांना विचारा, मला विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्यातला एक थेंबही घरातल्या कुणाच्या तोंडाला लावू नका."