टिकलीसाठी घोडा

सुदर्शनला घोड्यांची भीती वाटते हे चाकूरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच घोडा निवडायला त्याला पाठवायचं ठरलं.

टिकली ही त्याच्या थोरल्या बहिणीची, पुनमची घोडी. रेसकोर्सवरून आणलेली, अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकवलेली. गेल्या वर्षी एका उडीनंतर उतरताना तिच्या मागच्या डाव्या पायाची शीर फाटली आणि स्पर्धा संपल्या. पाय बरा झाला, पण आता तिला आईसारखं उड्या मारणारं एखादं शिंगरू व्हावं, एवढंच पुनमच्या डोक्यात होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "घोडा चढेल तेव्हा सगळा भार मागच्या पायांवर येणार. घोडा शांत असला तर काही नाही. धसमुसळा निघाला आणि ही बिथरली, तर पाय जाईल." पाय गेला की घोडी जाते, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

पुनमनं हाडं, पाठ, उड्यांचे व्हिडिओ आणि घोड्यांच्या आज्या-पणज्या तपासून दोन घोडे ठरवले होते. स्वभाव तेवढा व्हिडिओत दिसत नव्हता, आणि तिचा स्वतःचा हात मोडून गळ्यात बांधलेला होता.

"तू जा, सुद्या."

"मला घोड्यातलं काय कळतंय, ताई?"

"काहीच न्हाई. तुला फक्त भ्याव वाटतंय. ज्याच्यापुढं कमी वाटंल तो आपला."

"सगळ्यांपुढं सारखंच वाटतंय."

"न्हाई. शेळीपुढं तुला कमी वाटतंय."

सुदर्शननं पिशवी भरली. शेळीपुढं खरंच कमी वाटायचं.

पहिला घोडा नांदेडला, बापूसाहेबांचा. बापूसाहेब कडक इस्त्रीचे, घोडा त्यांच्याहून कडक. घोड्याचं स्वतःचं इन्स्टाग्राम होतं आणि तो फोटोसाठी मान वळवून उभा राहायचा.

"चावतो का?" सुदर्शननं तबेल्याच्या दाराबाहेरूनच विचारलं.

"ओळखीच्या माणसाला काही करत नाही तो."

शेजारी दोर धरून मोतद्दार उभा होता. त्याचा उजवा कान डाव्यापेक्षा आखूड होता.

"मामा, तुम्ही नवीन आहात का इथं?"

"न्हाई जी. अकरा वर्सं झाली."

घोड्यानं जमिनीवर टाप आपटली. त्या टापेखाली टिकलीचा पाय कसा दिसेल, ते सुदर्शनला इतकं स्पष्ट दिसलं की चहा तसाच टाकून तो बसस्टँडवर आला.

दुसरा घोडा उदगीरच्या बाहेर, बसवराजच्या शेतात. काळा, उंच, नाव करिया. तारांच्या कुंपणात मोकळा. बसवराजनं फाटक उघडलं, सुदर्शनला आत घेतलं, फाटक लावलं, आणि त्याचा फोन वाजला. कन्नडात मोठमोठ्यानं बोलत तो पार विहिरीपर्यंत गेला.

कुंपणात दोघंच उरले. घोडा तीस पावलांवर होता. त्यानं मान वर केली.

"तिथंच थांब बा," सुदर्शन हळूच म्हणाला.

घोड्याचे कान ताठ झाले. तो निघाला.

"नको बा!"

घोडा पुढं आला.

"जा बा, तुझ्या पाया पडतो!"

वीस पावलं. दहा. पळालं तर घोडा मागं लागतो असं कुठंतरी ऐकलेलं, आणि तसंही फाटक लावलेलं होतं. आपल्या फोटोला हार घालताना पुनमचा एकच हात चालेल, मग हार वाकडा बसेल, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला.

"अरे नको ना बा..."

घोड्याचं नाक त्याच्या छातीला टेकलं. गरम श्वास शर्टातून आत गेला. सुदर्शननं डोळे मिटले आणि वाट पाहिली. काही झालं नाही. त्यानं एक डोळा उघडला. घोडा उभाच होता, पुढच्या हुकमाची वाट बघत असल्यासारखा.

बसवराज परत आला. "पाव्हणं, सारखं सारखं कशाला बोलवून राहिलात त्याला?"

"मी? मी तर जा म्हणून राहिलो!"

"बा बा करत होता की. आमच्या कन्नडात 'बा' म्हणजे 'ये'. त्याला मराठी येत न्हाई."

सुदर्शननं मनाशी हिशेब लावला. चार वेळा बोलावलं, चारही वेळा तो आला. धावला नाही, दात दाखवले नाहीत, शर्टाचं बटणही तुटलं नाही.

"घोडीवर असताना थांब म्हणलं तर थांबतो?"

"तेव्हा कोण थांबतंय, पाव्हणं?" बसवराज हसला, मग गंभीर झाला. "पण हा थांबतो. आणून बघा."

सुदर्शननं तिथूनच फोन लावला.

"किती भ्याव वाटलं?" पुनमनं विचारलं.

"आजवर सगळ्यात जास्त."

"मग सोड त्याला."

"न्हाई ताई. हाच. माझ्या भ्यावात त्याचा काही हात न्हाई. तो बिचारा ऐकत होता."

बारा दिवसांनी टिकली माजावर आली, आणि तिला बसवराजच्या शेतावर नेलं. पुनमचा हात अजून बांधलेलाच, म्हणून टिकलीचा दोर सुदर्शनच्या हाती आला. करिया दिसताच टिकली किंचाळली आणि तिनं अंग आखडलं. डावा पाय थरथरला. सुदर्शनला वाटलं, आता संपलं. बसवराज एकच शब्द बोलला. करिया जागच्या जागी उभा राहिला, अंगभर घाम, कान बसवराजकडं. पाच मिनिटं गेली. सुदर्शनच्या तळहाताला दोराचे वळ उठले. मग टिकलीनंच शेपूट बाजूला घेतलं.

ते चालू असताना सुदर्शननं फक्त डावा पाय पाहिला.

नंतर पुनम म्हणाली, "चालव तिला."

त्यानं चालवलं. एक, दोन, तीन. डावा खूर उजव्यासारखाच पडत होता, पुरता, सपाट. पुनम फाटकाला कपाळ टेकवून उभी राहिली.

बसवराजनं सांगितलं, घोडीला अकरा महिने लागतात. सुदर्शननं बोटांवर मोजलं. अकरा महिने तिच्या पोटासाठी आणि त्या पायासाठी घाबरायचं. आणि सगळं नीट पार पडलं, तर घरात आणखी एक घोडा.