दोरेबाबांचा लाल दोरा

दोऱ्याचा तुकडा पाण्यात पडला आणि बघता बघता लाल झाला, तसा अख्ख्या हॉलनं श्वास आत घेतला.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा तो वरचा मजला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून माणसं पार जिन्यापर्यंत दाटीवाटीनं उभी होती. मधोमध उंच पाठीच्या खुर्चीत दोरेबाबा बसले होते. पुढ्यातल्या टेबलावर काचेचा वाडगा, वाडग्यात नितळ पाणी आणि शेजारी तबकात पांढऱ्या दोऱ्याची रिळं. समोर एक म्हातारे गृहस्थ होते. दोऱ्याचं एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं त्यांच्या मुलाच्या फोटोला गुंडाळलेलं. बाबांनी मधला दोरा कात्रीनं कापून वाडग्यात टाकला होता.

"शरीर आजारी पडत नाही," बाबा डोळे मिटून म्हणाले. "शरीर बिचारं भोळं असतं. विष येतं ते नात्यांतून. आता बघा, आपल्या नात्यात काय आहे ते."

मग त्यांनी आणखी एक दोरा घेतला, म्हाताऱ्याच्या मनगटापासून स्वतःच्या मनगटापर्यंत बांधला, कापला आणि पाण्यात सोडला. तो पांढराशुभ्र राहिला. म्हातारे गृहस्थ हुंदके देऊ लागले. शेजारच्या बाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी पाण्याचा पेला दिला, कुणी त्यांना धरून जागेवर बसवलं.

दुसऱ्या रांगेत बसलेल्या शिवणताईला वाटलं, आपणही रडून घ्यावं.

ती बायकांचे कपडे शिवायची, म्हणून सगळे तिला शिवणताई म्हणत. नवरा गेल्यापासून तिचं काही धड नव्हतं. छातीत धडधड व्हायची, झोप येत नसे, सुईत दोरा ओवताना बोटं थरथरत. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. दोन गल्ल्या पलीकडे तिची धाकटी बहीण राहत असे. ती संध्याकाळी यायची, गोळी घेतलीस का म्हणून विचारायची, ओढून फिरायला न्यायची आणि वाटभर बोलणी ऐकवायची. मशीन विकून टाक आणि माझ्याकडे राहायला ये, हा तिचा हट्ट होता. त्यावरून एकदा दोघींचं चांगलंच वाजलं आणि त्याच आठवड्यात एका गिऱ्हाईक बाईनं शिवणताईला या हॉलमध्ये आणलं.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटू लागलं. हॉलमध्ये शिरताच चार माणसं नावानिशी हाक मारायची. काल झोप लागली का, असं विचारायची आणि उत्तर ऐकायला थांबायची. बाबांच्या सेवेत असणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना सगळे सेविकाबाई म्हणत. त्या दर वेळी जवळ येऊन बसत, हात हातात घेत, घरी कोण असतं, कोण येतं-जातं, कुणाशी काही बिनसलंय का, हे इतक्या मायेनं विचारत की शिवणताईनं बहिणीशी झालेलं भांडण शब्दन् शब्द सांगून टाकलं.

पुढच्याच बैठकीत बाबांनी तिला समोर बोलावलं. न विचारता म्हणाले, "पाठची बहीण. तिला तुझं मशीन खुपतं." शिवणताई थक्कच झाली. बहिणीचा विसरून राहिलेला रुमाल तिच्या पिशवीत होता. त्याला दोरा बांधला गेला, कात्री चालली आणि दोरा लाल झाला.

तरीही ती कचरली. बहिणीला कसं तोडायचं? तेव्हा बाबा पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझ्यासाठी नको तोडूस. तिच्यासाठी तोड. विष दोन्हीकडे वाहतं, मुली. तू तिला भेटत राहिलीस तर ते तिच्या घरात शिरेल."

कुलूप लागलं ते या वाक्यानं. स्वतःसाठी तिनं बहिणीला कधीच सोडलं नसतं.

त्या संध्याकाळी धाकटीनं कडी वाजवली तेव्हा शिवणताई दाराच्या आतच उभी होती. "ताई, दार उघड. मला तुझ्याशी बोलायचंय," धाकटी म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "ताई, महत्त्वाचं आहे गं." शिवणताईनं तोंडावर पदर दाबून धरला. मशीनचा आवाज जाऊ नये म्हणून ती दुपारपासून शिवायला बसली नव्हती. पलीकडे बहिणीचा श्वास ऐकू येत होता. मग पावलं जिना उतरत गेली. ती काही दिवस येत राहिली आणि नंतर यायची थांबली.

आता हॉलमधलं कौतुक वाढलं. पण घर मात्र गप्प झालं. गोळ्या संपल्या, त्या आणायची आठवण करून देणारं कुणी नव्हतं. आपली आपण आणू म्हणत ते राहूनच गेलं. फिरणं बंद झालं. एकटीसाठी कशाला स्वयंपाक, म्हणून ती पावाचा तुकडा पाण्याबरोबर ढकलू लागली. पाय सुजले, धडधड परत आली, पूर्वीपेक्षा जोरात. तिनं सेविकाबाईंना सांगितलं, तर त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या की अजून एखादा दोरा शिल्लक असणार. खालच्या मजल्यावरच्या काकू अधूनमधून वाटीभर काहीतरी आणून देत. त्यांचा दोरा लाल झाला. हॉलमध्ये आणणाऱ्या त्या गिऱ्हाईक बाईचाही झाला. जितकं बरं वाटेना तितके दोरे कापले जात आणि जितके दोरे कापले जात तितकं बरं वाटेना. शेवटी जाण्यासारखी एकच जागा उरली, आणि ती जागा बाबांची होती.

तिथंही आता तिला पुढच्या रांगांत बसवत नसत. हॉलच्या मागे बिनखिडकीची खोली होती. तिथं ट्यूबलाइटखाली ती आणि आणखी काही बायका 'आरोग्य-उशा' शिवत बसत. ही सेवा होती. सेवेत बोलायचं नाही, असा नियम होता. उशा कुठं जातात ते विचारायचं नाही, असाही होता. शेजारी बसलेल्या बाईचा खोकला शिवणताईला ओळखीचा झाला होता. तिचं नाव मात्र तिला माहीत नव्हतं. कधी कधी ती भिंतीकडे बघत विचार करी की इथून उठून गेलं तर कुठं जायचं. एकेक दार तिनं स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं.

एके दिवशी उशा शिवताना तिच्या ब्लाउजच्या बाहीची शिवण उसवली. टेबलाच्या खणात बाबांच्या तबकातलं एक रीळ पडलं होतं. तिनं त्याच दोऱ्यानं चार टाके घातले आणि विसरून गेली. घरी येऊन तिनं तो ब्लाउज धुण्याच्या सोड्यात भिजवला. बाहेर काढला तेव्हा बाहीवरचे टाके लालभडक झाले होते.

नळ तसाच वाहता ठेवून ती मोरीत बसली. हा दोरा कुणाशीच बांधलेला नव्हता. त्याला फक्त तिचा हात लागला होता. म्हणजे विष बहिणीत नव्हतं, काकूंत नव्हतं. ते आपल्याच हातात होतं. ज्याला ज्याला आपण शिवलो त्याला त्याला ते लागलं. हा विचार आला आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. मग तिला काही कळलं नाही.

पाणी मोरीतून खोलीत आलं, खोलीतून खालच्या छतातून टपकू लागलं. काकू तणतणत वर आल्या. हाका मारून उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून कडी तोडली. शिवणताईला उचलून दवाखान्यात नेलं ते काकूंनीच. जिच्याशी आपण बोलणं टाकलं तीच आपलं डोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसली आहे, एवढं तिला अर्धवट शुद्धीत जाणवलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहानच होत्या. इंजेक्शन, तपासण्या, सगळं झालं. रक्तदाब भयंकर चढला होता, थोडक्यात निभावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या नाडी बघायला आल्या तर शिवणताईनं हात मागे घेतला.

"मला हात लावू नका. तुम्हालाही होईल."

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या आणि काय होईल, ते विचारलं. मग सगळी कहाणी बाहेर आली, दोऱ्यांची, बहिणीची, बाहीची. काकूंनी मोरीत सापडलेला तो ब्लाउज पिशवीतून काढून दिला. टाके आता फिकट पडले होते. डॉक्टरीणबाईंनी धुण्याच्या सोड्याचं थोडं पाणी मागवलं आणि त्याचा थेंब टाक्यांवर सोडला. ते पुन्हा लाल झाले. मग अर्धं लिंबू पिळलं. लाल रंग जागच्या जागी नाहीसा झाला.

"शाळेच्या प्रयोगशाळेत एक द्रव्य असतं, फिनॉल्फ्थॅलिन म्हणतात," त्या म्हणाल्या. "दोऱ्याला लावून वाळवलं तर दिसत नाही. सोड्याच्या पाण्यात लाल होतं, लिंबानं जातं. त्यांच्याकडे दोन प्रकारची रिळं आहेत, ताई. एक साधं आणि एक हे द्रव्य लावलेलं. वाडग्यात सोड्याचं पाणी. तुमच्या हातात काहीही नाही."

"पण त्यांना माझं भांडण कसं कळलं?"

"तुम्ही कुणाला सांगितलं होतंत?"

शिवणताईला सेविकाबाईंचा मायेचा हात आठवला. मग तिनं खरा प्रश्न विचारला. सुरुवातीला आपल्याला बरं वाटलं होतं, ते खोटं होतं का?

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार माणसं रोज तुमची विचारपूस करत होती. त्यानं झोप सुधारते, भूक लागते, माणूस औषध वेळेवर घेतो. औषध खरं होतं, बाटलीवरचं नाव खोटं होतं. आणि मग त्या गृहस्थांनी तुमच्या घरातलं तेच औषध एकेक करून फेकायला लावलं."

चालण्याइतकी ताकद आल्यावर शिवणताई डॉक्टरीणबाई आणि काकूंबरोबर बैठकीला गेली. बाबांनी तिला बघून हात पसरले आणि दुरावलेलं लेकरू परत आलं, असं काहीबाही बोलू लागले. ती सरळ टेबलाशी गेली. तबकातली दोन्ही रिळं तिनं बोटांत धरून पाहिली. एकाचा दोरा किंचित ताठर लागत होता. तोच तिनं ओढून काढला, एक टोक बाबांच्या खुर्चीच्या पायाला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला. कापला आणि वाडग्यात टाकला.

तो लाल झाला.

"माझं आणि खुर्चीचं काय बिनसलंय, बाबा?" तिनं विचारलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबा क्षणभर गडबडले. मग म्हणाले की इतक्या दुःखितांचं विष शोषून शोषून खुर्चीच आता विषारी झाली आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "मग उठा की त्या खुर्चीवरून." हसू फुटलं. हॉलमध्ये असं हसू पहिल्यांदाच आलं असेल. डॉक्टरीणबाईंनी वाडग्यात लिंबू पिळलं, लाल तुकडा पांढरा पडला, आणि त्यांनी लोकांना पुढे बोलावून दोरा, सोडा, लिंबू त्यांच्याच हातात दिलं. ज्याला हवं त्यानं स्वतः करून बघितलं. या गर्दीत बाबा आणि सेविकाबाई मागच्या जिन्यानं कधी गेले, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण हसू फार टिकलं नाही. ते म्हातारे गृहस्थ हातात पांढरा झालेला तुकडा धरून उभे होते. "मी माझ्या मुलाचे फोन घेत नव्हतो," ते म्हणाले. "त्याला आता काय सांगू?" काहीजण मात्र खुर्च्यांवर तसेच बसून राहिले. बाबा गेले तरी त्यांना उठायचं नव्हतं, कारण घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. मागच्या खोलीतल्या बायका बाहेर आल्या. शिवणताईनं त्या खोकणाऱ्या बाईला तिचं नाव विचारलं.

डॉक्टरीणबाई बोलल्या ते थोडकंच. त्या म्हणाल्या, इथं तुम्हाला बरं वाटलं ते एकमेकांमुळे. त्यासाठी बाबा लागत नाही, दोरा लागत नाही. पाहिजे तर उद्याही इथं जमा. फक्त दार आतून लावू नका. छळणाऱ्या माणसापासून दूर जायला हरकत नाही, पण ते तुम्ही तुमच्या डोक्यानं ठरवा, वाडग्यातल्या पाण्यावरून नाही. आणि बरं करतो म्हणणारा माणूस आधी तुमची माणसं तोडायला सांगू लागला, तर त्याचं पाणी तपासून बघा.

त्याच संध्याकाळी शिवणताई बहिणीच्या दारी गेली. धाकटीनं दार उघडलं. ती बरीच वाळली होती आणि भिंतीला धरून उभी होती.

"माझं ऑपरेशन होतं, ताई," ती म्हणाली. "तेच सांगायला येत होते मी. तू आतच होतीस ना?"

"हो."

"मला माहीत होतं. तुझा श्वास ऐकू येत होता."

दोरा, सोडा, लिंबू, सगळं शिवणताईला आता सांगता आलं असतं, पण त्यातलं काहीच इथं पुरेसं नव्हतं.

"मी अजून रागावलेली आहे," धाकटी म्हणाली. "पुष्कळ दिवस राहीन." मग तिची नजर खाली गेली. "पाय केवढे सुजलेत तुझे. आत ये आणि आधी ते वर घेऊन बस."