बोडीचा ढोल

डोळे मिटा पाहू. चांदा जिल्ह्यातली एक टेकडी आणा डोळ्यांपुढे. वैशाखातली सकाळ आहे. तेंदूची फळं पिकलीत, खडक आत्तापासूनच तापलाय, आणि खाली पायथ्याशी गावची बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आटून भाकरीएवढा दिसतोय. आणलीत टेकडी? आता त्या खडकाच्या टोकावर एक मुलगी उभी करा. मासे धरणाऱ्या ढिवराची सोमारी. घटकेत या पायावर, घटकेत त्या पायावर. तिला धड उभं राहवत नाही, धड बसवत नाही.

टेकडीवर नागपूरच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी सुट्टीचं शिबिर मांडलं होतं. गावची मुलं सकाळी मिळून वर यायची, संध्याकाळी मिळून उतरायची. गाणी, खेळ, दुपारी खिचडी. सोमारीला सगळं आवडे. पण आज वर आल्यावर तिला दिसलं, बोडीवर बगळे उतरलेत! पाणी गुडघ्याएवढं झालं की बगळे येतात, आणि बगळे आले की मासेमारीचा ढोल वाजतो. ढोल थांबायच्या आत ज्या घरचं माणूस पाण्यात उतरेल, त्या घराला माशांचा वाटा. नाही उतरलं तर नाही. तेच मासे वाळवून पावसाळाभर पुरवायचे.

सोमारीचा बाप बांबू तोडायला लांब गेलेला. आई पाय मोडून खाटेवर. ती म्हणाली होती, "ढोल वाजला का धावत येजो वो, सोमारे. यंदा आपल्या घरचं माणूस तूच."

"इंदुताई, जाऊ दे ना मले खाली," सोमारी पुन्हा म्हणाली.

शिबिर इंदुताईच्या हाती होतं. "एकटी? नाही हं. काल वाटेवर अस्वल दिसलंय. एकट्यानं कोणीही उतरायचं नाही. जेवणं झाली की मी येते सोबत."

"तवापर्यंत ढोल थांबन ना!"

"अगं, मासे काय पळून जातायत?" तिच्यासोबतचा गुणवंत हसला.

"मासे नाई पळत, भाऊ. वाटा पळते."

"पाहा, पाहा, हे एक बगळीन!" गुराख्याचा बिरजू ओरडला. "मान लांब करून पाहून राह्यली!"

सगळे खिदळले. सोमारीनं त्याला जीभ दाखवली आणि पुन्हा बोडीकडे मान वळवली.

खेळात रमेल पोर, असं इंदुताईला वाटलं. तिनं सोमारीचा हात धरला, दुसरा हात बिरजूला दिला, आणि पाहता पाहता सगळ्यांची लांबच लांब साखळी झाली. शेपटाला गुणवंत.

"हात सुटला तो बाद!"

साखळी गात गात वळणं घेऊ लागली. सोमारीचे पाय नाचत होते, कान मात्र खाली होते.

ढम्म. ढम्म. ढम्म.

"ताई, ढोल!"

"ऐकतेय गं. पण हात सोडू नकोस, बाद होशील."

सोमारी क्षणभर थांबली. एकट्यानं उतरायचं नाही. हात सोडायचा नाही. बरं.

तिनं इंदुताईचा हात आणखी घट्ट धरला आणि सरळ टेकडीच्या वाटेनं धूम ठोकली.

"अगं! हळू! सोमारी!" पण हात सोडून बाद कोण होणार? मागे बिरजू, त्याच्यामागे सगळी पोरं, शेवटी चष्मा सावरत गुणवंत. असला गलका ऐकून अस्वल कुठलं वाटेत थांबतंय!

ढोल अजून वाजत होता. इंदुताईचं पातळ चिखलानं भरलं, तरी सोमारी तिला ओढतच होती. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा कुठे तिनं ताईचा हात सोडला, दोन्ही हात उंच केले आणि ढोलवाल्याकडे पाहून ओरडली, "आमच्या घरची मी आलो!"