निघतानाची शिंक

निघताना कुणी शिंकलं की क्षणभर खाली बसायचं, ही आमच्या घरची रीत. पण भाताची झोडणी उरकून थंडी पडली, की माझी बायको शीतल रोज सकाळी नेमकी मी निघतानाच शिंकायची. मी बसायचो, मुरबाडची जीप चुकायची आणि कंपनीत बोलणी मीच खायचो.

शेवटी वैतागून तिला किन्हवलीला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "ॲलर्जी आहे. पेंढा हलवताना तोंडाला फडकं बांधा. जुनी गोधडी गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा." गोळ्याही दिल्या.

आठ दिवसांत शिंका थांबल्या. जीप रोज मिळायला लागली.

आज उंबऱ्याबाहेर वाकून बुटाची नाडी बांधत होतो. तेवढ्यात पाठीमागे, घरात, शिंक ऐकू आली.

"गोळी घेतली नायस ना?" मान वर न करताच मी खेकसलो.

"घेतली की. का रं?"

आवाज समोरून आला. शीतल अंगणात दोरीवर गोधडी वाळत टाकत होती.

मी मुकाट्याने खाली बसलो. घरात आम्ही दोघंच राहतो.