हळदबाबाची पिवळी परीक्षा

सोनगीरजवळ हायवेच्या कडेला एक चिंच आहे. १९९७ साली दर मंगळवारी तिच्याखाली इतकी गर्दी लोटायची की एस.टी.चे ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नसत. हळदबाबा 'त्या रोगा'ची परीक्षा करायचे. एड्स हे नाव कोणी घेत नसे.

पडद्यामागे बसवून तळहातावर हळद चोळायची, वर मंतरलेलं पाणी. हळद पिवळी राहिली तर माणूस शुद्ध. लाल झाली तर रक्तात तो रोग. "घाबरू नको माय, पाच मंगळवार भस्म खा," बाबा म्हणत. पाचव्या मंगळवारी लाल हात पुन्हा पिवळा.

मैलभरावरच्या सरकारी दवाखान्यात कुंदाबाई सिस्टर जळत होत्या. त्यांच्या रक्ततपासणीच्या बाकावर रोज एक मांजर झोपायचं. सवत नवऱ्याने आणली असती तर भांडता तरी आलं असतं. ही गावानेच आणली होती.

त्यातच रेशमाही बाबाकडे गेली. ट्रक ड्रायव्हरची विधवा. रक्तात तो रोग, छातीत टीबी. कुंदाबाईंनी चार महिने टीबीच्या गोळ्या पोटच्या पोरीला द्याव्या तशा दिल्या, आणि ती म्हणाली, "मनी हयद पिवयी व्हयनी, आक्का. आते गोया कसाले?"

गोळ्या सुटल्या की टीबी उलटतो आणि माणूस जातं, हे कुंदाबाईंना ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर झोंबलं ते दुसरंच. माझी पेशंट त्याने नेली.

मंगळवारी तोंडावर पदर घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या. हात लालभडक. "पाप जुनं आहे," बाबा कुजबुजले.

घरी येऊन त्यांनी खिचडीवर लिंबू पिळलं. रस तळहातावर ओघळला आणि लाल हात जागच्या जागी पिवळा. बाबाचं पाच मंगळवारांचं काम लिंबाच्या एका फोडीने उरकलं. मग त्यांना हळदीचा डाग आठवला. साबण किंवा चुना लागला की तो लाल होतो, हे कुठल्या बाईला माहीत नाही?

पुढच्या मंगळवारी त्या पानटपरीवरून चुना आणि घरून लिंबू घेऊनच आल्या.

"श्रद्धा नसली तर हात जळेल, बाई," बाबा म्हणाले.

"मग तुमचाच द्या."

बाबांनी हात कफनीत नेले. कुंदाबाईंनी पडदा सारला, बाबांचा शिष्य पुना याचा तळवा धरला, हळद चोळली, चुन्याचं पाणी ओतलं. हात लाल.

"बाबा, माले तो रोग शे का?" पुना रडकुंडीला आला.

"होता," म्हणत कुंदाबाईंनी लिंबू पिळलं. "आता बरा झालास."

चिंचेखाली हशा पिकला. बाबाच्या एका तांब्यात चुन्याची निवळी निघाली, दुसऱ्यात लिंबाचं पाणी. संध्याकाळच्या आत बाबा गाव सोडून गेले.

बुधवारी बाकावर मांजरच होतं.

कुंदाबाई रेशमाच्या दारी गेल्या. "आता तरी ये."

"बाबा खोटा शे, समजनं माले," रेशमा खोकत म्हणाली. "पन तो माले पडदामांगे बसाडे, हयू बोले. तुम्हीन वट्टावर उभं राहीसन पुकारं, 'रेशमा, लाल कागदवाली.' मना सासरा तठेच बशेल व्हता. त्या दिनपाईन मनं ताट येगळं शे."

ज्याच्या रक्तात तो रोग, त्याचा केसपेपर लाल, ही कुंदाबाईंचीच युक्ती होती. त्या खाली बसल्या. मग आणखी दहा घरं, दोन ढाबे फिरल्या आणि विचारलं, "आमचं काय बोचतं?" ड्रायव्हर म्हणाले, तुमची खोली दुपारी एक वाजता बंद, आमचे ट्रक संध्याकाळी थांबतात. बाया म्हणाल्या, नाव नको.

"आता बाबाकडून शिकायचं?" डॉक्टरसाहेब म्हणाले.

"चुना सोडून सगळं."

लाल कागद गेला. नावाऐवजी नंबर आला, दाराला पडदा, आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची वेळ. रेशमाच्या सासऱ्यालाही त्यांनी बसवून सांगितलं की एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही.

हळद, चुना, लिंबू तुमच्याही घरात आहे. आजच करून पाहा. हळदीला रक्तातलं काही कळत नाही, त्यासाठी रक्तच तपासावं लागतं. त्या रोगावर भस्म चालत नाही; आता तो रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात राहतो, आणि टीबी तर गोळ्यांनी बरा होतो.

दवाखान्यात पडदा लागल्याच्या तिसऱ्या दिवशी तो हलला. "नंबर सात," कुंदाबाई हळूच म्हणाल्या. रेशमाने गोळ्यांसाठी हात पुढे केला.